‘आपत्ती’ आणि हरकत

गेल्या पावसाळ्यात लोधीपुऱ्यातील आमच्या बैठकीत एक वृद्ध विधवा भगिनी एक कागद घेऊन आल्या. सामाईक शेतीच्या नामांतरणासाठी त्यांच्या दिरांनी अर्ज केला होता आणि त्यावर महसुली इश्तिहार निघाला होता. कोणाला ‘आपत्ति’ असल्यास ती नियत तारखेपर्यंत सादर करावी, असा त्यातील मजकूर. बाईंना वाचता येते. त्यांनी तो कागद स्वतः वाचला आणि देवघराच्या फळीवर ठेवून दिला. ‘‘देवाच्या दयेने घरात काही आपत्ती नव्हती, वकीलसाहेब,’’ त्या म्हणाल्या. आपण ज्याला हरकत म्हणतो त्याला हिंदीत आपत्ति म्हणतात, हे त्यांना कळले तेव्हा मुदत संपून गेली होती.

बऱ्हाणपुरातील मराठी माणसाची अडचण ही अशी आहे. एखादा तमिळ भाषक हिंदी कागदापुढे उभा राहिला, तर त्याला तो समजणार नाही हे निदान सर्वांना दिसते. आमची लिपी हिंदीचीच असल्यामुळे आम्हांला सारे समजले, असे कारकूनही धरून चालतो आणि पुष्कळदा आम्हीही. बाजारातली हिंदी आम्हां सर्वांना येते; कचेरीतली हिंदी ही निराळी भाषा आहे. सातबाऱ्याच्या जागी खसरा, फेरफाराच्या जागी नामांतरण, तारखेच्या जागी पेशी. अपरिचित शब्द एक वेळ परवडतात, कारण माणूस त्यांचा अर्थ विचारतो. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र कोणी विचारीत नाही.

येथे मराठी ही पाहुणी भाषा नव्हे. १९५६ पर्यंत आम्ही ज्या मध्यप्रदेशात होतो, त्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही त्याच्या राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड नव्या मध्यप्रदेशात राहिला आणि १९५७ च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभार हिंदीचा झाला. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाडातून बऱ्हाणपूर जिल्हा वेगळा निघाला. कचेरी घराजवळ आली, हे खरेच सुख आहे.

कायदा काय देतो? संविधानाचे कलम ३५० कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क देते. उत्तर त्याच भाषेत मिळेल, असे मात्र ते म्हणत नाही. राज्य आपल्याशी होऊन बोलते तेव्हा कोणत्या भाषेत बोलावे, याविषयीही ते मौन पाळते. आमच्या पक्षकार बाईंचा घात याच मौनात झाला. ही उणीव १९५६ च्या केंद्रीय ज्ञापनाने काहीशी भरून काढली होती. जिल्हा, तहसील वा नगरपालिका क्षेत्रात भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील, तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, असे त्यात सुचविले आहे. परंतु ज्ञापन म्हणजे अधिनियम नव्हे. कलम ३५० ब खालील भाषिक अल्पसंख्याक आयुक्त अहवाल देतात, शिफारशी करतात. आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही. बेळगावच्या वाचकांना हे आम्ही सांगायला नको.

कॅनडातील फ्रेंच भाषकांनी हाच पेच वेगळ्या रीतीने सोडविला. तेथे संघीय कार्यालयांवर असे बंधन आहे की, जेथे पुरेशी मागणी आहे तेथे दोन्ही भाषांत सेवा मिळते हे कार्यालयानेच आपण होऊन नागरिकाला सांगावे. नागरिकाने मागावे आणि कचेरीने उपकार करावा, असा तो व्यवहार नाही. ऑन्टारियो प्रांतात तर १९९७ मध्ये ओटावाचे मॉन्टफोर्ट हे फ्रेंच रुग्णालय बंद करण्याचे ठरले होते. लोक न्यायालयात गेले आणि २००१ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एवढा कायदा आमच्या हाती नाही, हे वकील म्हणून आम्ही जाणतो. त्यामुळे मोठ्या घोषणा करण्यात अर्थ नाही. नामांतरणाच्या इश्तिहारावर चार ओळी मराठीत छापाव्यात; शस्त्रक्रियेच्या संमतिपत्राच्या पाठीमागे मराठी मजकूर असावा; एवढे मागितले तरी पुष्कळ आहे. छपाईचा खर्च शाईएवढा.

हिंदीशी आमचे वैर नाही. आमची उपजीविकाच हिंदी युक्तिवादावर चालते. दोष आमच्या पदरीही आहे. कलम ३५० चा हक्क असताना आम्ही अर्ज हिंदीतच लिहितो, ‘‘काम लवकर होते’’ म्हणून. जनगणनेत मातृभाषा विचारली की घरात मराठी बोलणारी माणसेही सोपे म्हणून हिंदी सांगून मोकळी होतात. मग १५ टक्के कोठून मोजायचे? येत्या जनगणनेच्या वेळी गणक दारात येईल, तेव्हा त्या रकान्यात काय लिहिले ते आपण डोळ्यांनी पाहावे.

त्या भगिनींच्या वतीने आम्ही अपील दाखल केले आहे. विलंब माफ व्हावा म्हणून जो अर्ज जोडला, त्यातील दोन परिच्छेद ‘आपत्ती’ या शब्दाचा मराठी अर्थ समजावण्यात गेले. ते अर्थातच हिंदीत लिहावे लागले.