मापात पाप नको

पदवीपरीक्षांचे निकाल लागले की गावोगावच्या चौकांत अभिनंदनाचे फलक झळकतात, आणि थोड्याच दिवसांत फलकांवरचे ते चेहरे नोकरीच्या शोधात पुण्याच्या गाडीत बसलेले दिसतात. बुलढाणा जिल्ह्यास हे दृश्य नवीन नाही. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात पाचांपैकी जवळजवळ चार माणसे खेड्यांत राहतात. कपाशी-सोयाबीनच्या उत्पन्नातून, प्रसंगी कर्ज काढून फी भरणारा बाप एकच प्रश्न विचारतो: 'तीन वर्षांत पोरगं काय शिकलं?' या प्रश्नास प्रामाणिक उत्तर देण्याची सोय आमच्या विद्यापीठांपाशी आज नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

मोजमाप होत नाही असे नव्हे. मोजमापाचा सुकाळच आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली. राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होऊ लागली. प्रत्येक अभ्यासक्रमातून विद्यार्थ्याच्या अंगी काय यावे हे आधी लिहावयाचे आणि ते कितपत आले हे शेवटी टक्क्यांत मांडावयाचे, अशीही पद्धत रूढ झाली आहे. कल्पना उत्तम आहे. पण हे टक्के येतात कोठून? बहुतांशी परीक्षेच्या गुणांतून, आणि उरलेले विद्यार्थ्यांनी घाईघाईने भरलेल्या प्रश्नावल्यांतून. म्हणजे जुने गुणपत्रकच नव्या पोशाखात पुढे येते.

आम्ही काही वर्षे खडू हाती धरून वर्गात उभे राहिलो आहोत. पत्रलेखनाच्या प्रश्नास दहापैकी आठ गुण मिळविणारा विद्यार्थी एस.टी.च्या पासासाठी खराखुरा अर्ज लिहावयाची वेळ आली की कावराबावरा होतो, हे आम्ही पाहिले आहे. ते आठ गुण आम्हीच दिलेले होते. दोष विद्यार्थ्याचा नव्हता. आमच्या मापाचा होता.

दुसऱ्या टोकाचे मापही तितकेच फसवे आहे. देशातील सुमारे ५१.२५ टक्के युवकच रोजगारक्षम आहेत, हा आकडा २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत उद्धृत झाला आणि सर्वत्र गाजला. हा आकडा युवकांविषयी काही सांगतो. महाविद्यालयाविषयी काहीच सांगत नाही. शहरातील सुशिक्षित घरातून आलेला मुलगा बोलण्यात, संगणकात आणि इंग्रजीत पहिल्या दिवशीच तरबेज असतो. संग्रामपूर वा लोणार तालुक्यातील खेड्यातून आलेली मुलगी पहिल्या वर्षी वर्गात उभी राहून दोन वाक्ये बोलू शकत नाही, आणि तिसऱ्या वर्षी पतसंस्थेच्या व्यवस्थापकास ताळेबंद समजावून सांगते. नोकरी व पगार मोजणाऱ्या क्रमवारीत पहिल्याचे महाविद्यालय वर आणि दुसरीचे खाली! खरे शिकविले कोणी?

म्हणून आमचे म्हणणे इतकेच आहे: शेवटची उंची मोजू नका, वाढ मोजा. प्रवेशाच्या वेळी आणि पदवीच्या वेळी तीच कामे विद्यार्थ्याकडून करून घ्यावीत. एक पत्र, एका तक्त्याचा अर्थ, पाच मिनिटांचे तोंडी निवेदन, चारचौघांत मिळून पार पाडलेले एक काम. तपासणारा दुसऱ्या महाविद्यालयाचा असावा आणि त्याच्या शेजारी त्या व्यवसायातील एक जाणता माणूस बसावा. दोन वर्षांनी विद्यार्थ्यास पुन्हा विचारावे की कोणता विषय कामास आला आणि कोणता नाही. जो शेतीकडे परतला त्यालाही विचारावे. तो बेकार नव्हे.

राज्याच्या नव्या श्रेयांक आराखड्यात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणास चार श्रेयांक, म्हणजे सुमारे १२० तास दिले आहेत. ही संधी मोठी आहे. खामगावचा कापूस बाजार, जिल्हाभर पसरलेल्या पतसंस्था, शेगावची यात्रेकरूंची व्यवस्था, २०२० मध्ये रामसर यादीत गेलेले लोणारचे सरोवर, अशी कामाची ठिकाणे जिल्ह्यातच आहेत. तेथे १२० तास भरल्याचा शिक्का मिळाला, तर तो कागद फायलीत जाईल. काय करता येऊ लागले याची तेथेच पारख झाली, तर तो शिक्षणाचा भाग होईल.

विद्यापीठ म्हणजे कारकुनांचा कारखाना नव्हे, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. इतिहासाचा वा मराठीचा अभ्यास पगाराच्या तराजूत घालणे अनुचितच ठरेल. पण नीट वाचणे, नेमके लिहिणे, पुराव्यावाचून न बोलणे ही कौशल्ये तर याच विषयांची देणगी आहे. ती मोजली गेल्यास कला शाखेची प्रतिष्ठा वाढेलच. ज्ञान आणि काम यांची सांगड घालण्याची भाषा १९३७ च्या वर्धा परिषदेत झाली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली. शिफारशींचा तुटवडा आम्हांस कधीच नव्हता.

मात्र एक पथ्य पाळलेच पाहिजे. या मोजणीवरून कोणाचे अनुदान कापू नये, की तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाच्या माथी आणखी तक्ते मारू नयेत. शिक्षेची भीती आली की आकडे खोटे होतात. रिक्त जागा भराव्यात, आणि निकाल उणा असला तरी तो उघडपणे मांडण्याचे धैर्य विद्यापीठाने दाखवावे.

खामगावच्या बाजारात कापूस आला की त्याचा ओलावा आणि धाग्याची लांबी पाहिली जाते. गाडीवरच्या ढिगाची उंची पाहून कोणी भाव करीत नाही. आपल्या मुलांच्या आयुष्यातील तीन वर्षांसाठी तेवढी काळजी घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी आहे काय?