यादी लागेपर्यंत



एरवी या पानावर आपण सोयाबीनच्या पिवळेपणाबद्दल, शंखी गोगलगायीबद्दल, फार तर पीकविम्याबद्दल बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. पण तो बांधावरच सापडला, म्हणून इथेच मांडतो.

गेल्या आठवड्यात एका शेतकऱ्याच्या रानात चक्रीभुंगा दाखवायला गेलो होतो. देठावर भुंग्याने पाडलेल्या दोन चकत्या मी दाखवत होतो, देठ चिरून आतली अळी काढून दाखवली. पण माणसाचं चित्त काही ठिकाणावर नव्हतं. शेवटी म्हणाला, "साहेब, भुंग्याचं काय, फवारून टाकू. पण आमच्या पोराच्या यादीचं काय म्हणता?"

पोरगं पॉलिटेक्निकला होतं. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका, मेकॅनिकल, गुण चांगले. आता इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश हवा. निकाल लागला, अर्ज भरला, पहिली यादी लागली. त्यात चौथ्या पसंतीचं खासगी कॉलेज आलं. त्याची नजर नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजावर. दुसऱ्या यादीची वाट बघत पोरगं रोज मोबाइल हातात घेऊन कट्ट्यावर बसतं आणि बाप रोज त्याला बोलतो.

बारावी आणि नीटच्या मुलांचं कौतुक आपल्या जिल्ह्याला नवं नाही. लातूर पॅटर्नचं नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण पदविका करून पदवीकडे वळणाऱ्या पोरांची चौकशी फारसं कोणी करत नाही. खरं तर हीच पोरं बहुतांशी कोरडवाहू शेतकऱ्याची. दहावीनंतर लवकर हाताला काम लागेल म्हणून पॉलिटेक्निकला घातलेली, आणि तिथे गेल्यावर पुढे शिकायची उमेद आलेली.

त्यांची वाट कशी असते ते आधी समजून घ्या. या प्रवेशाला सीईटी नसते, पदविकेच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. जागा मात्र मोजक्या. दुसऱ्या वर्षाला मंजूर संख्येच्या दहा टक्के जादा जागा आणि पहिल्या वर्षात रिकाम्या राहिलेल्या जागा, एवढाच हिशेब. आता नावाजलेल्या सरकारी कॉलेजात पहिलं वर्ष रिकामं राहणार कुठून? साठ मुलांच्या वर्गाला सहा जागा, आणि त्या सहात पुन्हा प्रवर्गांची वाटणी. तिथे एका मुलाचा प्रवर्ग कागदाअभावी बदलला, तर त्याचं नाव थोडं खाली जात नाही, यादीतून निघूनच जातं.

मूळ दुखणं इथे आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर ही माळ ज्याने ओढली त्यालाच ठाऊक. नॉन-क्रिमीलेअरची मुदत बहुधा ३१ मार्चला संपते, म्हणजे ऐन प्रवेशाच्या वर्षी ते नव्याने काढावं लागतं. काही कागदांच्या बाबतीत अर्ज केल्याची पावती चालते, पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र दाखवलं नाही, तर उमेदवाराला खुल्या प्रवर्गात धरतात. पावती मिळाली म्हणजे काम झालं, असं समजून किती घरं निवांत बसतात!

हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः कृषी पदविकेवर थांबलेला माणूस आहे. पदविका झाल्यावर पदवीच्या प्रवेशासाठी अर्ज केला होता. एका दाखल्यासाठी एका कार्यालयात पाच खेपा घातल्या. पहिल्या दिवशी साहेब बैठकीला, दुसऱ्या दिवशी शिक्का दुसऱ्या गावच्या दप्तरात, तिसऱ्या दिवशी लाइट नाही. दाखला हातात पडला तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. अर्ज खुल्या प्रवर्गात गेला आणि यादीत नाव आलं नाही. वडील एवढंच म्हणाले, "बरं, आता कापणीला तरी आहेस." त्यांनी समजूत काढायला म्हटलं असेल, पण तो शब्द मला बरेच दिवस टोचला.

त्या साहेबांनी मुद्दाम अडवलं असं मी आजही म्हणणार नाही. त्यांच्याकडे तीन गावं होती आणि अतिवृष्टीचे पंचनामे चालू होते. आज मी स्वतः टेबलाच्या त्या बाजूला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गावपातळीवरच्या माणसाच्या मानेवर किती कामांचं जू असतं ते मला कळतं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. पाटी बदलली, पण दप्तराचं ओझं काही हललं नाही.

म्हणूनच माझं म्हणणं असं की, हे काम जुलैवर येऊच देऊ नये. गावात पदविकेच्या शेवटच्या वर्षाला कोण कोण आहे, हे गावाला आधीपासून माहीत असतं. १ मेची ग्रामसभा होते तेव्हा त्यांच्या निकालाला अवकाश असतो, आणि नवं आर्थिक वर्ष सुरू झाल्याने नवा उत्पन्नाचा दाखलाही निघू शकतो. त्या ग्रामसभेत या मुलामुलींची नावं वाचा. कोणाचा कोणता कागद बाकी आहे ते वहीत लिहा आणि मे महिन्यातच अर्ज करून टाका. उत्पन्नाच्या दाखल्याला लोकसेवा हक्क कायद्याखाली पंधरा दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर अपील करता येतं. पण गावातल्या गावात अपिलाची वेळ का यावी? १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हाच विषय घेतलात, तर तोवर पीक फुलोऱ्यात आणि याद्याही लागून गेलेल्या.

ग्रामसभेत हा विषय बसत नाही असं कोणी म्हणेल. गावाच्या दिव्याबत्तीचा बसतो, पांदणरस्त्याचा बसतो, मग हा का बसू नये?

पालकांनाही दोन शब्द. नॉन-क्रिमीलेअरसाठी उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे, पण त्यात शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. बागायत जमिनीच्या क्षेत्राची अट तेवढी वेगळी असते. सोयाबीनचा एक हंगाम बरा गेला म्हणून आपल्याला हे मिळणारच नाही, असा समज करून अर्जच न करणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरं, यादी लांबली की शहरातून फोन येऊ लागतात. "जागा पक्की करून देतो, आजच्या आज अमुक भरा." घरात पीककर्जाचे पैसे आलेले असतात, जिवाला घोर लागलेला असतो, आणि माणूस फसतो. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. शुल्काची सरकारी सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, घेतलेल्या प्रवेशालाच मिळते. व्यवस्थापन कोट्याला नाही. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील आर्थिक मागास, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, मुलांना निम्मी सवलत आहे. त्यासाठी अर्ज महाडीबीटीवरच करायचा, जिथे तुम्ही ठिबकसाठी करता. घाईने कोट्यात पैसे भरले की जागा मिळते, पण सवलत कायमची हातची जाते.

पसंतीक्रम भरताना घरातल्या जाणत्या माणसाने जवळ बसावं. पहिली पसंती मिळाली की ती स्वीकारावीच लागते, पुढच्या फेरीला जाता येत नाही. म्हणून जिथे जायचंच नाही ते कॉलेज मित्राने भरलं म्हणून वर टाकू नये. आणि पहिल्या फेरीत चौथ्या पसंतीचं मिळालं म्हणून रडतही बसू नये. ती जागा शुल्क भरून हातात ठेवून पुढच्या फेरीची वाट बघता येते. आमच्या त्या शेतकऱ्याला नेमकं हेच माहीत नव्हतं. मिळालेली जागा सोडायची की धरायची, यावर बापलेकांत दोन दिवस अबोला होता.

राहिलं ते पोराचं कट्ट्यावर बसणं. बापाचा राग मला समजतो. सोयाबीनमध्ये तण माजलंय, मजूर मिळेना, आणि तरणं पोर मोबाइल बघतंय. पण रागाच्या भरात "बास झालं शिक्षण, चाकणला कंपनीत जा" असं म्हणू नका. कंत्राटी काम यादी लागल्यावरही मिळेल. एकदा गेलेलं पोर हातात पगार आल्यावर वर्गात परत येणं अवघड.

आणि पोरांनो, तुम्हालाही सांगतो. यादी लवकर लागावी हे तुमच्या हातात नाही. २०२० साली कोरोनामुळे ही प्रक्रिया पार पुढच्या वर्षात गेली, तेव्हाची मुलं विचारा. तुमच्या हातात गणित आहे. थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्याचं पदवीचं पहिलं वर्ष झालेलं नसतं आणि तिसऱ्या सत्राचं गणित एकदम अंगावर येतं. त्यात याद्या लांबल्या की कॉलेजात वर्ग आधीच सुरू झालेले असतात. तेव्हा वरच्या वर्गातल्या कोणाचं तरी जुनं पुस्तक आजच मागून आणा. सकाळी दोन तास रानात, दुपारी दोन तास गणित. बापही बोलणार नाही आणि वर्गात मान खाली घालायची पाळीही येणार नाही.

त्या शेतकऱ्याच्या घरी मी परवा पुन्हा गेलो. चौथ्या पसंतीची जागा शुल्क भरून धरून ठेवली आहे. नॉन-क्रिमीलेअर मात्र अजून पावतीवरच आहे. आज मी आणि सरपंच दोघं मिळून तहसीलला जाणार आहोत. चक्रीभुंग्याची फवारणी पोरानेच केली, तोंडाला रुमाल बांधून, सकाळी वारा पडलेला असताना. दुसरी यादी शुक्रवारी आहे.