देरुतात भाव केला नाही, मग मिरजेत का करतो?



सुट्टीत मुलांना घेऊन इटलीला निघालाय? मग माझं एक ऐका. रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिसची धावपळ सोडा, गाडी भाड्याने घ्या आणि कारागिरांची गावं बघा. आम्ही ऑक्टोबरच्या हाफ टर्ममध्ये मिलानहून क्रेमोना, फाएन्झा, फाब्रियानो आणि देरुता अशी चार गावं केली.

क्रेमोना म्हणजे स्ट्रादिवारीचं गाव. तो १७३७ साली गेला, पण तिथे आजही शंभराहून जास्त कारागीर हाताने व्हायोलिन बनवतात. एका व्हायोलिनला लाकडाचे ७० हून अधिक तुकडे लागतात. २०१२ मध्ये युनेस्कोने या कलेची दखल घेतली. फाब्रियानोत तेराव्या शतकापासून कागद बनतो. तिथल्या कागदाच्या संग्रहालयात मुलांनी स्वतः लगद्यात साचा बुडवून एकेक कागद काढला. फोन कुणालाच आठवला नाही!

देरुतात मातीच्या ताटल्या रंगवतात. कच्च्या पांढऱ्या लेपावर रेघ ओढली की ती पुसता येत नाही. एका ताटलीचे साठ युरो मी निमूटपणे मोजले. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "आई, मिरजेत तंबोरा घेताना तू किती घासाघीस केलीस! इथे का नाही?"

काय सांगणार? मिरज माझं आजोळ. तिथल्या सतारमेकर गल्लीत भोपळा वाळवून, दांडी जोडून, कानाने ऐकत ऐकत जवारी लावतात. क्रेमोनापेक्षा हे कुठे कमी आहे? मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. आणि मी दोन हजार कमी करून घेतले, वर घरी येऊन "स्वस्तात मिळाला" म्हणून मिरवलं. युरोपातलं हातकाम म्हणजे कला आणि आपल्याकडचं म्हणजे भाव पाडायची वस्तू, हे मी लेकीला न बोलता शिकवलं होतं.

कुणी म्हणेल, आपल्याकडे भाव करायची पद्धतच आहे, दुकानदारही वाढवूनच सांगतो. खरंय. पण आधी एवढंच विचारा, "हे करायला किती दिवस लागले?" उत्तर ऐकून मग भाव करायला जीभ रेटते का बघा.

तेव्हा इटलीला जरूर जा. जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, दंड घरपोच येतो. गाडी वेशीबाहेरच लावा. दुपारी कार्यशाळा बंद असतात आणि ऑगस्टच्या मध्यात तर बऱ्याच ठिकाणी कुलूपच. आणि पुढच्या भारतवारीत मॉलमधला एक दिवस कमी करून मुलांना आपल्या गावच्या कारागिराकडे न्या. तिथेही तासभर बसा, तितक्याच आदराने.

तुमच्या गावात काय बनतं? मुलांना दाखवलंय का? कमेंटमध्ये नक्की लिहा.