‘वय झालं’ म्हणण्याआधी श्वास मोजा

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या माणसाचा रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते, वजन घेतले जाते. श्वास मात्र बहुतेक वेळा मोजला जात नाही, नुसता विचारला जातो. ‘दम लागतो का?’ या प्रश्नावर पन्नाशीची बाई सांगते, ‘पाणी घेऊन चढ चढताना लागतो थोडा. वय झालं आता.’ विषय तिथेच संपतो. खरे तर तो तिथून सुरू व्हायला हवा.

असे का, हे समजण्यासाठी फुफ्फुसाची रचना पाहावी लागते. नाकातून आत गेलेली हवा गरम, ओलसर आणि बरीचशी स्वच्छ होऊन घशातून मुख्य श्वासनलिकेत उतरते. ही नलिका साधारण ११-१२ सेंटीमीटर लांब असते. पुढे तिचे दोन फाटे होतात आणि झाडाच्या फांद्यांसारखे ते फुटत जातात. सुमारे २३ वेळा फाटे फुटल्यावर शेवटी येतात वायुकोश. त्यांची संख्या ३० ते ५० कोटींच्या घरात असते. हे सगळे वायुकोश उलगडून पसरले तर जवळजवळ ७० चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानापेक्षा थोडी कमी जागा व्यापतील. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्यातून प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो.

निवांत बसलेला माणूस एका श्वासात अर्धा लिटर आणि मिनिटाला सात-आठ लिटर हवा घेतो. निरोगी तरुणाला जोर लावून हेच प्रमाण मिनिटाला शंभर लिटरपर्यंत नेता येते. निसर्गाने इतकी शिल्लक ठेवली आहे, हे वरदान खरे. पण गोची इथेच आहे. शिल्लक भरपूर असल्याने बरेच नुकसान होईपर्यंत माणसाला काही जाणवत नाही. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक श्वासनलिकांना तर जेरे मीड या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये फुफ्फुसाचा ‘शांत प्रदेश’ असे नाव दिले. या नलिका इतक्या असंख्य असतात की त्यातल्या अनेक बंद पडल्या तरी आवाज होत नाही. म्हणजे चढावर लागणारा ‘थोडा’ दम ही अनेकदा आजाराची सुरुवात नसते. शिल्लक बरीच संपल्याची ती खूण असते.

धूर हे या नुकसानीचे मोठे कारण. श्वासनलिकेच्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात. ते सेकंदाला दहा-बारा वेळा हलून धूळ अडकलेला कफ वर ढकलत राहतात. बिडी-सिगारेटचा धूर या केसांना लुळे करतो. चुलीत जळणारे लाकूड, गोवऱ्या, पऱ्हाट्या यांचा धूरही कमी घातक नाही. म्हणूनच आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या बाईलाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार, होतो. देशात २०१६ मध्ये या आजाराचे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. घरात गॅस आला तरी आंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवरच, असे अनेक घरांत आजही चालते.

करोनानंतर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला. त्यावर ९७ दिसले की ‘फुफ्फुस ठणठणीत’ असा समज होतो. तो चुकीचा आहे. ऑक्सिमीटर रक्तातला प्राणवायू दाखवतो. नलिका अरुंद झाल्यात का, हे त्याला कळत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री लागते. जॉन हचिन्सन या डॉक्टरने १८४६ मध्ये लंडनमध्ये दोन हजारांहून अधिक लोकांचा श्वास मोजून या तपासणीचा पाया घातला. छातीभर श्वास घेऊन नळीत जोराने फुंकायचे, इतकेच. निरोगी माणूस पहिल्या सेकंदातच सुमारे तीन-चतुर्थांश हवा बाहेर टाकतो. नलिका अरुंद असतील तर ते जमत नाही.

पावणेदोनशे वर्षे जुनी ही तपासणी गावाजवळ मिळत नाही, हे दुखणे आहे. आशा कार्यकर्ती घरी येऊन जे पत्रक भरते, त्यात स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता, धाप लागते का, हे प्रश्न आहेत. उत्तर ‘चूल’ आणि ‘हो’ आले, तर पुढे काय? मोजायची सोय नसेल तर तो प्रश्न कागदावरच राहतो. मग खोकल्याचे औषध, प्रतिजैविक आणि एखादे इंजेक्शन यांवर वर्षे निघून जातात.

सरसकट सगळ्यांना फुंकायला लावा, असे कोणी म्हणत नाही. तपासणी नीट करून घेणारा प्रशिक्षित माणूस नसेल तर निकाल फसवा येतो, हेही खरे. पण चाळिशी ओलांडलेली, वर्षानुवर्षे धुरात किंवा धुळीत राहिलेली आणि दम किंवा जुना खोकला असलेली व्यक्ती वेगळी काढणे अवघड नाही. तिच्यासाठी निदान प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हे यंत्र आणि ते चालवणारा माणूस हवा.

मोडलेले वायुकोश कोणत्याही औषधाने परत मिळत नाहीत. मात्र धूर थांबला तर पुढची घसरण मंदावते आणि इनहेलरने रोजचे जगणे सुसह्य होते. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती निराधार आहे; त्यातून औषध अगदी थोड्या मात्रेत थेट नलिकांत पोहोचते. घरात कोणी चढावर थांबत असेल, तर त्याचे वय मोजण्याआधी त्याचा श्वास मोजून घ्यावा.