दोन्हीकडचे चिडले म्हणून?

वारजे माळवाडीतल्या चहाच्या टपरीवर परवा मणिरत्नमच्या 'बॉम्बे'चा विषय निघाला. एक मित्र म्हणाला, "दोन्हीकडचे चिडले, म्हणजे पिक्चर बरोबर मध्ये होता." हे वाक्य मी १९९५ पासून ऐकतोय. ते चुकीचं आहे.

कोण कशावर चिडलं ते बघा. बाळासाहेब ठाकरेंना चित्रपट आधी दाखवला गेला. त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या, टिनू आनंदने केलेल्या नेत्याला शेवटी पश्चात्ताप होतो, तेवढं त्यांना खटकलं. दृश्य कापलं गेलं. आणि आमचे लोक? शैला बानू हिंदू मुलाशी लग्न करते, गाण्यात तिचा बुरखा मागे राहतो, यावर निदर्शनं. जुलै १९९५ मध्ये मद्रासला मणिरत्नमच्या घरावर बॉम्ब फेकला गेला, तो जखमी झाला. हा भ्याडपणा होता, आणि तेव्हा आपल्यातले फार थोडे लोक हे मोठ्याने बोलले. मीही नाही बोललो.

राग मुलीवर काढला. मोजणीवर कोणी बोट ठेवलं नाही.

पडद्यावर एकदा हे मारतात, एकदा ते मारतात, सगळं तराजूत तोलल्यासारखं. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मात्र ९०० मृतांपैकी ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू आहेत. जानेवारी १९९३ च्या दंगलीत शिवसेनेचा हात असल्याचं आयोगाने नोंदवलं. युती सरकारने १९९६ मध्ये आयोगच गुंडाळला होता, मग पुन्हा नेमला, आणि १९९८ मध्ये अहवाल आल्यावर तो नाकारला. २७५ घरांचं दुःख कमी होतं असं कोणी माझ्या तोंडी घालू नये. पण समसमान दाखवणं म्हणजे निःपक्षपात नव्हे. त्याच चित्रपटाला पुढे राष्ट्रीय एकात्मतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तरी मला तो आवडतो, रहमानच्या संगीताशिवायही. कारण शेखर आणि शैला, दोघांपैकी कोणीही धर्म बदलत नाही. जुळ्यांची नावं कबीर नारायण आणि कमल बशीर. आज असा चित्रपट काढायला कोण धजेल? डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या सरकारने आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करायला समिती नेमली. आदेशात आधी आंतरजातीय लग्नंही होती. ओरड झाल्यावर तेवढी वगळली, आंतरधर्मीय तशीच ठेवली.

पडद्यावर लग्न पटकन उरकतं. खरं लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने करायचं तर तीस दिवसांची नोटीस, नावपत्त्यासह, कचेरीच्या फळ्यावर. कोणीही येऊन वाचावी.

टपरीवरच्या त्या मित्राला मी विचारलं, तुझ्या मुलीने अशी नोटीस दिली तर? तो म्हणाला, "पिक्चरचं बोलतोय ना आपण," आणि चहाचे पैसे द्यायला उठला.