आजीचा आवाज कुणी पुसला?

माझ्या मुंजीची व्हीएचएस कॅसेट आईने एका स्टुडिओतून डीव्हीडीवर करून घेतली आणि इकडे अमेरिकेत पाठवली. आपल्याकडची पाल पद्धतीची डिस्क इथल्या एनटीएससी प्लेअरला पटेना, म्हणून लॅपटॉपवर लावली. चित्र झकास. मातृभोजनाच्या वेळी आजी माझ्याकडे वाकून काहीतरी सांगतेय, ओठ हलताहेत, आणि ऐकू येतंय सिनेमातलं गाणं!

स्टुडिओवाल्यांना फोन केला. म्हणे, "साहेब, आवाजात नुसता गोंगाट होता. आणि दोन्ही ठेवायला जागा कुठाय?"

साफ खोटं! डीव्हीडीवर एका चित्राबरोबर ८ पर्यंत ऑडिओ ट्रॅक बसतात. १९२ किलोबिटचा एसी-३ स्टिरिओ ट्रॅक तासाला जेमतेम ८६ एमबी खातो. डिस्क ४.७ जीबीची, म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही. सीडीवरची गाणी ४४.१ किलोहर्ट्झची असतात, डीव्हीडीला ४८ लागतात. तेवढं बदलून गाणी खुशाल दुसऱ्या ट्रॅकवर टाका, पहिल्यावर मूळ आवाज राहू द्या. रिमोटवर ऑडिओचं बटण असतं ते त्यासाठीच!

आणि गोंगाट म्हणजे काय हो? भटजींचे मंत्र, पंगतीतला आग्रह, आजीचं बोलणं. गाणं केव्हाही मिळेल. आजी आता नाही, आणि कॅसेट "खराब झाली होती" म्हणून स्टुडिओनेच टाकून दिली.

तेव्हा मंडळी, कॅसेट देताना बजावून सांगा: मूळ आवाज हवाच, आणि कॅसेटही परत हवी. तिच्यात काय होतं, ते मला आता कधीच कळणार नाही.