दस्तरख्वानावरची टोपली



दीर आणि जाऊ वर्षभरात पाठोपाठ वारले. त्यांची दोन मुलं अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला आली. माझी तीन, मिळून पाच. सकाळची शाळा, डबे, भांडणं; माझा आवाज चढतोच. एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली: थोरला पुतण्या दुसरी पोळी कधी मागत नाही.

त्याच दिवसांत मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचत होते. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, त्या १९०० मध्ये. पुढे अहमदनगरच्या त्यांच्या घरात मुलगा दत्तूबरोबर परकी मुलंही वाढली. बालकवी ठोंबरेसुद्धा तिथं घरच्यासारखे राहिले. टिळकांचा हात सढळ, पैसा टिकत नसे, निभवायचं बाईंनी. त्या चिडतात, नवऱ्याशी भांडतात, स्वतःवर हसतात आणि हे सगळं न लपवता लिहितात. पण आलेलं मूल घरचंच होऊन जातं.

वाचून मला धीर आला. चिडणारी बाईही यतीम मुलांना सांभाळू शकते. फक्त त्यांना मागावं लागू नये.

आता मी पोळ्या वाढत नाही. टोपली दस्तरख्वानाच्या मधोमध ठेवते. ज्यानं त्यानं घ्यावी. पहिले चार दिवस पुतण्या आधी माझ्या तोंडाकडे बघायचा. पाचव्या दिवशी गप्पांच्या नादात त्यानं तिसरी पोळी उचलली. मी नजर वळवली आणि मनातल्या मनात अल्लाहचा शुक्र अदा केला.